वशिल्यानं आलेला जज

समजा, तुम्हाला अशी नोकरी मिळाली की जिच्यातून कुणी काढूच शकत नाही. पगार वाढला तर वाढेल, पण एक पैसाही कमी होणार नाही. निवृत्तीचं वय नाही, बदलीची भीती नाही, दर पाच वर्षांनी मतं मागत फिरायचं नाही. वरिष्ठ रुसले तरी चालतंय, मंत्री रुसला तरी चालतंय. अशा नोकरीत तुम्ही काय कराल?

खरं सांगा. बहुतेक जण खुर्चीत नीट टेकून बसतील आणि निवांत दिवस काढतील.

अशी नोकरी खरोखर आहे. अमेरिकेतल्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टातल्या न्यायाधीशाची. जानेवारी १९४२ मध्ये साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्सटन शहरातल्या एका वकिलाला ती मिळाली. नाव ज्युलियस वेटीज वेअरिंग. वय ६१. आपल्याकडे हायकोर्टाचे न्यायाधीश ६२ व्या वर्षी निवृत्त होतात. म्हणजे आपल्या हिशोबानं हे गृहस्थ निरोप समारंभाच्या दारात उभे होते. त्यांची खरी कारकीर्द तिथून पुढे सुरू झाली.

पुढच्या दहा वर्षांत त्यांनी जे निकाल दिले, त्यापायी त्यांच्या घरावर विटा आल्या, जन्मापासूनचे मित्र तुटले आणि गावच सोडावं लागलं. पण त्याच दहा वर्षांत त्यांच्या कोर्टातून निघालेला एक खटला अमेरिकेतल्या शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवायला कारणीभूत झाला. आणि गंमत अशी की, वेअरिंग त्या खुर्चीवर पोचले ते कुठल्या तत्त्वासाठी लढून नव्हे. चक्क वशिल्यानं पोचले.

खुर्ची मिळते कशी?

आधी ही नोकरी समजून घेऊ. अमेरिकेत दोन न्यायव्यवस्था शेजारी शेजारी चालतात. प्रत्येक राज्याची स्वतःची कोर्टं आणि केंद्राची वेगळी. केंद्राच्या व्यवस्थेत पहिल्या पायरीवर असतं फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्ट. नाव ऐकून आपलं जिल्हा न्यायालय डोळ्यांसमोर येईल, पण गल्लत करू नका. तिथे एका राज्यात अशी एक ते चार कोर्टं असतात, आणि सगळी मिळून सध्या ९४ आहेत. साक्षीपुरावे इथे होतात, ज्युरी इथे बसते. वरची कोर्टं नंतर जे कागद वाचतात, ते इथे नोंदवलेले असतात. त्यामुळे पायरी खालची असली तरी तिथे कोण बसलंय याला फार महत्त्व आहे.

आपल्याकडे खालच्या कोर्टात न्यायाधीश व्हायचं तर एमपीएससीमार्फत होणारी परीक्षा द्यावी लागते. लॉ करणारे तुमचे मित्रमैत्रिणी तिच्यासाठी रात्री जागवत असतील. फेडरल जजला अशी कुठलीच परीक्षा नसते. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट मंजुरी देते, झाला जज. राज्यघटनेत या पदासाठी वयाची अट नाही, शिक्षणाचीही नाही. कायद्याची पदवी हवी, असंसुद्धा कुठे लिहिलेलं नाही.

कागदावर नाव राष्ट्राध्यक्ष ठरवतात. प्रत्यक्षात त्या राज्याच्या सिनेटरचा शब्द चालतो, आणि तो राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाचा असेल तर जास्तच. स्थानिक सिनेटरनं नाक मुरडलं तर बाकीचे सिनेटर त्याचा मान राखून नाव पाडायचे, असा जुना रिवाज. म्हणजे जज व्हायचं तर कायद्याच्या पुस्तकांइतकीच आपल्या सिनेटरशी ओळख कामाची.

एकदा नेमणूक झाली की मात्र चित्र पालटतं. घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार वर्तन चांगलं आहे तोवर पद कायम, आणि पगार कमी करता येत नाही. काढायचं तर महाभियोग. त्यासाठी प्रतिनिधिगृहानं आरोप ठेवायचे आणि सिनेटनं दोन तृतीयांश मतांनी दोषी ठरवायचं. थोडक्यात, ज्यांनी वर चढवलं त्यांनाही खाली उतरवता येत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

खानदानी चार्ल्सटनकर

वेअरिंग यांचा जन्म २७ जुलै १८८० चा. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून, गुलामगिरी जाऊन तेव्हा जेमतेम १५ वर्षं झाली होती. वडील त्या युद्धात दक्षिणेच्या बाजूनं लढलेले. पूर्वजांच्या घरी गुलाम होते. घराणं कित्येक पिढ्या चार्ल्सटनमध्ये रुजलेलं. अशा घरातल्या मुलाला गोऱ्यांनी वर आणि काळ्यांनी खाली राहायचं, हे कुणी वेगळं शिकवावं लागत नसे. ते हवेतच होतं.

१९०० मध्ये ते कॉलेज ऑफ चार्ल्सटनमधून पदवीधर झाले. लॉ कॉलेजला गेलेच नाहीत. एका वकिलाच्या हाताखाली कायदा शिकले आणि १९०२ मध्ये सनद मिळवली. १९१३ मध्ये त्याच समाजातल्या ॲनी गॅमेल यांच्याशी लग्न, मग एक मुलगी, मीटिंग स्ट्रीटवर घर. १९१४ ते १९२१ सहायक सरकारी वकील, नंतर खासगी वकिली, आणि १९३३ पासून चार्ल्सटन शहराचे वकील. महापौर होते बर्नेट मेबँक. दोघांचं चांगलं जमायचं.

राजकारणातही त्यांची ऊठबस होती. साउथ कॅरोलायनाचे सिनेटर एलिसन स्मिथ, ज्यांना लोक कॉटन एड म्हणायचे, हे उघड वर्णद्वेषी. १९३६ च्या पक्षाच्या अधिवेशनात एक कृष्णवर्णीय धर्मगुरू प्रार्थनेला उभे राहिले म्हणून हे महाशय उठून बाहेर गेले होते. १९३८ च्या निवडणुकीत या स्मिथ यांना पाडायला खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी जोर लावला होता. तेव्हा चार्ल्सटनमध्ये स्मिथ यांच्या प्रचाराची धुरा कुणी सांभाळली? वेअरिंग यांनी.

१९४१ च्या शेवटी मेबँक सिनेटर झाले. आता राज्याचे दोन्ही सिनेटर वेअरिंग यांच्या ओळखीचे. चार्ल्सटनच्या फेडरल कोर्टात जागा रिकामी होती. १८ डिसेंबर १९४१ ला रूझवेल्ट यांनी वेअरिंग यांचं नाव पाठवलं आणि २० जानेवारी १९४२ ला सिनेटनं मंजूर केलं. ज्या माणसानं आपल्या विरोधकाचा प्रचार केला, त्यालाच राष्ट्राध्यक्षांनी जज केलं. राजकारणात असंच असतं.

कुणाला काही खटकलं नाही. आपला माणूस, आपल्या जातकुळीचा, आपल्या शब्दाबाहेर न जाणारा. चार्ल्सटननं समाधानाचा सुस्कारा सोडला.

पहिला धक्का

१९४४ मध्ये चार्ल्सटनच्या एका शिक्षिकेचा दावा त्यांच्यापुढे आला. कृष्णवर्णीय शिक्षकांना त्याच कामासाठी गोऱ्या शिक्षकांपेक्षा कमी पगार मिळायचा. तिची बाजू मांडायला आले होते एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेचे तरुण वकील थर्गुड मार्शल. दक्षिणेतल्या कोर्टांत मार्शल यांना खोचक शेरे आणि टाळाटाळ यांची सवय होती. इथे उलटंच झालं. कायदा स्पष्ट आहे, वेगळा पगार चालणार नाही, यावर वेअरिंग यांनी फार वेळ घालवलाच नाही. पगार समान करायचा आदेश निघाला.

हळूहळू कोर्टातल्या इतर गोष्टी बदलल्या. प्रेक्षकांनी वर्णाप्रमाणे वेगळं बसायची पद्धत त्यांनी बंद केली. कोर्टाचा बेलिफ म्हणून एका कृष्णवर्णीय माणसाला नेमलं. तुम्हाला हे किरकोळ वाटेल. पण जिथे पाण्याचा नळसुद्धा वेगळा होता, तिथे कोर्टाच्या बाकावर शेजारी शेजारी बसणं ही मोठी गोष्ट होती.

१९४५ मध्ये त्यांच्या घरात वादळ आलं. ३२ वर्षांचा संसार मोडून त्यांनी घटस्फोट घेतला आणि उत्तरेकडच्या एलिझाबेथ यांच्याशी लग्न केलं. साउथ कॅरोलायनात तेव्हा कायद्यानं घटस्फोटच मिळत नसे. त्यासाठी ॲनी यांना फ्लोरिडात जावं लागलं. चार्ल्सटनच्या उच्चभ्रू समाजानं नव्या जोडप्याला वाळीत टाकलं. नंतर वेअरिंग यांच्या निकालांवर चिडलेले लोक म्हणू लागले की, हा माणूस समाजावर सूड उगवतोय. ऐकायला पटतं. फक्त तारखा पाहा. शिक्षकांच्या पगाराचा निकाल १९४४ चा, घटस्फोट १९४५ चा. सुरुवात आधी झाली होती. एवढं मात्र खरं की, मेजवान्यांची आमंत्रणं बंद झाल्यावर वेअरिंग यांच्याकडे विचार करायला भरपूर मोकळ्या संध्याकाळी आल्या.

एका सैनिकाचे डोळे

१२ फेब्रुवारी १९४६. आयझॅक वुडर्ड हा कृष्णवर्णीय सार्जंट दुसरं महायुद्ध लढून, सैन्यातून त्याच दिवशी मोकळा होऊन बसनं घरी निघाला होता. अंगावर गणवेश होता. वाटेत बस ड्रायव्हरशी बाचाबाची झाली. बेट्सबर्ग गावात ड्रायव्हरनं पोलिस बोलावले. तिथला पोलिसप्रमुख लिनवूड शल यानं दंडुक्यानं त्याला इतकं मारलं की, त्याचे दोन्ही डोळे गेले. कायमचे.

देशभर संताप उसळला. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या कानावर हे गेलं आणि केंद्र सरकारनं शलवर खटला भरला. नोव्हेंबर १९४६ मध्ये तो कोलंबिया शहरात वेअरिंग यांच्यापुढे चालला. सरकारी बाजूनं तो अगदीच वरवर चालवला. ज्युरीत सगळे गोरे. निकाल काय लागणार हे वेअरिंग यांना दिसत होतं. ज्युरी विचाराला आत गेली तसे ते फिरायला बाहेर पडले. जज जागेवर नसताना ज्युरीला निकाल देता येणार नाही, निदान थोडा वेळ तरी त्यांना आत बसावं लागेल, एवढाच हेतू. जेमतेम अर्ध्या तासात शल निर्दोष सुटला. एलिझाबेथ रडत कोर्टाबाहेर पडल्या.

जजचा अधिकार किती तोकडा असतो, हे इथे दिसलं. खुर्ची कायमची, पण ज्युरीच्या बारा जणांच्या मनात काय आहे ते जज बदलू शकत नाही. घरी आल्यावर दोघांनी वाचायला सुरुवात केली. दक्षिणेचा इतिहास, गुलामगिरी, वर्णभेदावरचे अभ्यास. एलिझाबेथ वाचायच्या, वेअरिंग ऐकायचे. साठी ओलांडलेला माणूस, ज्या समाजात आयुष्य काढलं त्याच समाजाबद्दल पहिल्यापासून शिकत होता.

तिकडे वॉशिंग्टनमध्येही परिणाम झाला. ट्रुमन यांनी डिसेंबर १९४६ मध्ये नागरी हक्कांसाठी समिती नेमली आणि २६ जुलै १९४८ ला सैन्यातला वर्णभेद बंद करण्याचा आदेश काढला.

पक्ष म्हणजे खासगी क्लब?

१९४७ मध्ये वेअरिंग यांच्यापुढे मतदानाचा खटला आला. दक्षिणेत तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाशिवाय कुणी निवडून येत नसे. त्यामुळे खरी निवडणूक म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्रायमरी. आणि प्रायमरीत मत फक्त गोऱ्यांना. १९४४ मध्ये सुप्रीम कोर्टानं टेक्सासच्या खटल्यात ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. साउथ कॅरोलायनाच्या पुढाऱ्यांनी त्यावर पळवाट काढली. खास अधिवेशन बोलावून प्रायमरीबद्दलचे राज्याचे सगळे कायदेच रद्द करून टाकले. आता प्रायमरीशी सरकारचा संबंध नाही, पक्ष म्हणजे आमचा खासगी क्लब, आणि क्लबात कुणाला घ्यायचं ते आम्ही ठरवू, असा हा डाव.

कोलंबियाचे जॉर्ज एल्मोर ऑगस्ट १९४६ मध्ये मत द्यायला गेले तर त्यांना परत पाठवलं. ते कोर्टात आले. वेअरिंग यांनी जुलै १९४७ मध्ये क्लबाची पळवाट बंद केली. पुढच्या वर्षी पक्षानं नवी शक्कल लढवली: मत द्यायचं असेल तर वर्णभेदाला पाठिंबा असल्याची शपथ घ्या! म्हणजे कृष्णवर्णीय मतदारानं स्वतःच्याच विरोधात शपथ घ्यायची. १९४८ मध्ये वेअरिंग यांनी तीही मोडून काढली. त्या ऑगस्टच्या प्रायमरीत राज्यातल्या तीस हजारांहून जास्त कृष्णवर्णीय नागरिकांनी मत दिलं.

पण वेअरिंग एका झटक्यात बदलले असं समजू नका. त्याच जुलै १९४७ मध्ये एका कृष्णवर्णीय तरुणाचा लॉ कॉलेजच्या प्रवेशाचा दावा त्यांच्यापुढे होता. तेव्हा त्यांनी राज्याला पर्याय दिले: त्याला प्रवेश द्या, त्याच्यासाठी तसंच दुसरं कॉलेज काढा, नाहीतर गोऱ्यांचंही बंद करा. राज्यानं दुसरं कॉलेज काढलं. वेगळं ठेवा पण समान ठेवा, हे १८९६ पासूनचं सुप्रीम कोर्टाचं सूत्र होतं, आणि वेअरिंग अजून त्याच्या आत राहून विचार करत होते. त्या चौकटीबाहेर पडायला त्यांना आणखी तीन वर्षं लागली.

तीन जज, एक वेगळं मत

क्लॅरेन्डन काउंटी हा कापूस पिकवणारा गरीब भाग. गोऱ्या मुलांना शाळेत न्यायला ३० बस होत्या. कृष्णवर्णीय मुलांना एकही नाही. सरकार वर्षाला एका गोऱ्या मुलामागे १७९ डॉलर खर्च करायचं, कृष्णवर्णीय मुलामागे ४३. पालकांनी आधी फक्त एक बस मागितली. ती मिळाली नाही. मग जोसेफ डिलेन नावाच्या धर्मगुरूंनी शंभरावर सह्या गोळा केल्या आणि १९५० मध्ये समान सोयींसाठी दावा दाखल झाला. पहिली सही हॅरी ब्रिग्ज यांची, म्हणून खटल्याचं नाव ब्रिग्ज विरुद्ध इलियट.

नोव्हेंबर १९५० मध्ये प्राथमिक सुनावणीला थर्गुड मार्शल आले. सोयी समान करा, एवढीच मागणी त्यांनी ठेवली होती. वेअरिंग यांच्यापुढे ती सहज जिंकता आली असती. पण वेअरिंग यांनीच त्यांना सुचवलं की, हा दावा मागे घ्या आणि शाळा वेगळ्या ठेवणारा कायदाच घटनाबाह्य आहे, असा नवा दावा आणा.

यामागचा हिशोब समजून घ्या, कारण इथे या माणसाची हुशारी आणि धाडस दोन्ही दिसतं. तेव्हाच्या नियमानुसार राज्याचा कायदा घटनाबाह्य ठरवायचा असेल तर एकट्या जजला अधिकार नव्हता. तीन जजचं खंडपीठ बसायचं. उरलेले दोघे वेअरिंग यांच्या बाजूचे नसणार, हे उघड होतं. म्हणजे चार्ल्सटनमध्ये हार ठरलेली. पण अशा खंडपीठाच्या निकालावर थेट सुप्रीम कोर्टात अपील करता यायचं. छोटा विजय सोडून मोठ्या लढाईसाठी हार पत्करायची, असा हा सल्ला. मार्शल कचरत होते, तरी त्यांनी तो मानला.

२८ मे १९५१ ला सुनावणी सुरू झाली. क्लॅरेन्डनहून लोक गाड्या भरभरून आले. पहाटेपासून कोर्टाबाहेर रांग. राज्याच्या वकिलानं सुरुवातीलाच कबूल केलं की, शाळा समान नाहीत, पण आता सुधारू. मार्शल यांनी मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क यांना साक्षीला आणलं. क्लार्क यांनी क्लॅरेन्डनमधल्या १६ मुलांना गोऱ्या आणि सावळ्या बाहुल्या दाखवून कुठली आवडते ते विचारलं होतं. निम्म्याहून जास्त मुलांनी गोरी बाहुली निवडली. स्वतःसारखी दिसणारी बाहुली वाईट, हे मुलं सहाव्या-सातव्या वर्षीच शिकली होती.

जून १९५१ मध्ये निकाल आला. जॉन पार्कर आणि जॉर्ज टिमरमन या दोन जजनी वेगळ्या शाळा कायदेशीर ठरवल्या. वेअरिंग यांनी एकट्यानं विरोधी निकाल लिहिला. वेगळं ठेवणं हीच असमानता आहे, मग इमारत कितीही चांगली बांधा, हा त्याचा गाभा. १९४७ मधल्या वेअरिंग यांच्याशी १९५१ मधल्या वेअरिंग यांचं पटलं नसतं.

खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि इतर चार खटल्यांबरोबर ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन या नावाखाली चालला. १७ मे १९५४ ला नऊच्या नऊ न्यायाधीशांनी शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. तर्क तोच होता, जो तीन वर्षांपूर्वी चार्ल्सटनमध्ये एका विरुद्ध दोन मतांनी हरला होता.

घटनेनं काय वाचवलं, काय नाही

या सगळ्याची किंमत काय होती? १९५० मध्ये वेअरिंग यांच्या घराजवळ क्रॉस जाळला गेला, घरावर विटा फेकल्या गेल्या. घराला पहारा बसवावा लागला. महाभियोगाच्या मागणीवर हजारोंनी सह्या केल्या. राज्याच्या विधिमंडळात त्यांच्याविरुद्ध ठराव आले. रस्त्यात लोक ओळख दाखवेनासे झाले. पण महाभियोग काही झाला नाही. पद राहिलं, पगार राहिला. ज्या राजकारण्यांच्या वशिल्यानं ते आले होते, तेच राजकारणी आता हात चोळत बसले. तिसऱ्या अनुच्छेदानं आपलं काम चोख केलं.

शेजारी मात्र कुठल्याच अनुच्छेदात बसत नाहीत. १९५२ च्या फेब्रुवारीत, नोकरीची दहा वर्षं पूर्ण होताच, ७१ वर्षांचे वेअरिंग निवृत्त झाले आणि एलिझाबेथ यांच्यासह न्यूयॉर्कला राहायला गेले. ज्या गावात घराण्याच्या पिढ्या गेल्या, तिथे म्हातारपण काढणं त्यांना शक्य झालं नाही.

आणि आता दुसरी बाजू बघा. हॅरी ब्रिग्ज नौदलात नोकरी केलेले, पेट्रोल पंपावर कामाला होते. सही केली म्हणून १९४९ च्या नाताळच्या आदल्या दिवशी त्यांना कामावरून काढलं. बायको एलायझा मोटेलमध्ये साफसफाई करायच्या. त्यांचंही काम गेलं. पुढे पोटासाठी हॅरी यांना फ्लोरिडा गाठावं लागलं. जोसेफ डिलेन यांचं घर जळालं, चर्च जळालं, शेवटी त्यांना राज्य सोडून पळावं लागलं. मताचा हक्क मिळवून देणाऱ्या जॉर्ज एल्मोर यांच्या दुकानाला व्यापाऱ्यांनी माल देणं बंद केलं आणि धंदा बुडाला. यांच्यातल्या कुणाची नेमणूक आजन्म नव्हती. कुणाच्या पगाराला घटनेचं संरक्षण नव्हतं. वेअरिंग धाडसी होते, यात शंका नाही. पण जजच्या मागे राज्यघटना उभी होती. पंपावरच्या माणसामागे कुणीच नव्हतं, तरी त्यानं सही केली. हे विसरून वेअरिंग यांची गोष्ट सांगितली तर ती अर्धी राहील.

नाव बदललं

ऑक्टोबर १९६७ मध्ये थर्गुड मार्शल सुप्रीम कोर्टाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले. हे बघायला वेअरिंग होते. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ११ जानेवारी १९६८ ला, वयाच्या ८७ व्या वर्षी ते न्यूयॉर्कमध्ये गेले. दफन चार्ल्सटनमध्येच झालं. शेवटचा निरोप द्यायला कृष्णवर्णीय नागरिक मोठ्या संख्येनं आले. गोरे जेमतेम डझनभर. एलिझाबेथ त्याच वर्षी गेल्या.

मग बरीच वर्षं शांतता. २०१४ मध्ये चार्ल्सटनच्या फेडरल कोर्टाबाहेर वेअरिंग यांचा पुतळा उभा राहिला. त्या कोर्टाच्या इमारतीला माजी सिनेटर फ्रिट्झ हॉलिंग्ज यांचं नाव होतं. हॉलिंग्ज तेव्हा हयात होते, नव्वदी पार केलेले. त्यांनीच विनंती केली की, माझं नाव काढा आणि वेअरिंग यांचं द्या. २०१५ मध्ये ते झालं. राजकारण्यानं स्वतःचं नाव इमारतीवरून उतरवा म्हणून खटपट करावी, हे आपल्याकडे काय, कुठेच रोज घडत नाही.

आज अमेरिकेत जजच्या नेमणुकांवरून टीव्हीवर तासन्‌तास भांडणं होतात. हा कुणाचा माणूस, तो कुणाचा माणूस. आपल्याकडेही कॉलेजियमवरून वाद चालूच असतात. ते वाद करायलाच हवेत, कारण कोण बसतंय याला महत्त्व आहे. पण वेअरिंग यांच्या नेमणुकीच्या दिवशी तुम्ही चार्ल्सटनमध्ये असता, तर तुम्हीही त्यांच्याबद्दल चुकीचाच अंदाज बांधला असता. त्यांची चिठ्ठी लिहिणारे, मंजुरी देणारे, अभिनंदन करणारे सगळे चुकले. माणूस कुणाच्या ओळखीनं आत आला, हे फाइलमध्ये असतं. आत गेल्यावर दार लावून तो काय वाचणार आहे, हे फाइलमध्ये नसतं.

तुमच्यातले काही जण उद्या वकील होतील, काही परीक्षा देऊन जज होतील, काही कुठल्याशा ऑफिसात परमनंट होतील. परमनंट झाल्याचा पेढा वाटाल तेव्हा एवढंच आठवा: ती सुरक्षितता वेअरिंग यांना ६१ व्या वर्षी मिळाली, आणि त्यांनी ती खर्च केली.